मुलांच्या हातातील मोबाइल आणि घरातील रोजमेळ

व्यापारी माणसाला जोखीम नवी नाही. धान्याच्या धंद्यात तर पावसाची जोखीम, भावाची जोखीम, उधारीची जोखीम आणि गोदामातील किडीची जोखीम अशी ती चारी बाजूंनी उभी असते. तथापि कोणताही शहाणा व्यापारी जोखमीस भिऊन दुकान बंद करीत नाही, आणि डोळे मिटून सौदाही करीत नाही. तो नमुना पाहून माल घेतो, पत पाहून उधार देतो, आणि दिवसाचा रोजमेळ जुळल्याशिवाय पेढीला कुलूप लावीत नाही. सांप्रत आपल्या प्रत्येकाच्या घरात एक नवी जोखीम येऊन बसली आहे. ती म्हणजे आपल्या शाळकरी मुलांच्या हातातील मोबाइल व त्यावरील समाजमाध्यमे. तिचा विचार आपण भीतीने किंवा बेफिकिरीने न करता आपल्या धंद्यातील जुन्या शिस्तीने करावा, अशी सभासद बंधुभगिनींस विनंती करण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

येथे विशेषेकरून इयत्ता सहावी ते आठवीतील, म्हणजे सुमारे ११ ते १४ वर्षांच्या मुलामुलींचा विचार केला आहे. ह्या वयाची एक अडचण आहे. लहान मूल विचारून करते, मोठा मुलगा समजून करतो. परंतु ह्या मधल्या वयातील मूल न विचारता करते आणि पुरते न समजता करते. ह्याच वयात आईबापांपेक्षा मित्रमैत्रिणींचे मत अधिक मोलाचे वाटू लागते, चारचौघांत हसे होण्याचे भय वाटते, आणि मनातील गोष्ट घरात बोलण्याचा संकोच सुरू होतो. समाजमाध्यमांची सारी मोहिनी ह्याच तीन गोष्टींवर उभी आहे.

प्रश्न केवढा आहे

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले. ज्या वस्तूस आपण मुलांच्या हाती देण्यास कचरत होतो तीच वस्तू पाटी-पुस्तकाच्या मानाने घरात आली. शाळा पुन्हा उघडल्या. परंतु ती पाटी मुलांच्या हातून परत घेणे आपल्यापैकी फारच थोड्यांना जमले.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पाहणीतील दहा वर्षांच्या मुलांपैकी ३७.८ टक्के मुलांचे फेसबुकवर व २४.३ टक्के मुलांचे इन्स्टाग्रामवर खाते असल्याचे आढळले. 'असर' ह्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत खेड्यांतील १४ ते १६ वर्षांच्या मुलांस मोबाइलविषयी प्रश्न विचारले गेले. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी मुले ७६ टक्के होती. समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी त्रास देणाऱ्या माणसाचे खाते कसे अडवावे किंवा त्याची तक्रार कशी करावी हे सुमारे ६२ टक्क्यांस ठाऊक होते. ह्याचा अर्थ असा की शंभरांतील अडतीस मुलांस दाराला आतून कडी कशी लावावी हेच माहीत नव्हते. हे आकडे खेड्यांतील व थोड्या मोठ्या मुलांचे आहेत. शहरातील व्यापारी कुटुंबांत, जेथे घरात माणशी एक मोबाइल असतो, तेथे स्थिती ह्याहून बरी असेल असे समजण्याचे कारण नाही.

खोटे वय म्हणजे खोटे वजन

व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि स्नॅपचॅट ह्या सर्वांच्या नियमांप्रमाणे १३ वर्षांखालील मुलास खाते उघडता येत नाही. हा तेराचा आकडा मुख्यतः अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून आला. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती आईबापांच्या संमतीवाचून गोळा करण्यास त्या कायद्याने मनाई केली. म्हणजे आपली सहावी-सातवीतील जी मुले आज ह्या माध्यमांवर आहेत, त्यांतील बहुतेकांनी जन्माचे साल खोटे लिहूनच आत प्रवेश केला आहे, आणि पुष्कळदा ते साल घरातील मोठ्यांनीच लिहून दिलेले असते.

ह्यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये अल्पवयीनांसाठी निराळी खाती सुरू केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती भारतातही आणली. अशा खात्यावर मूल काय टाकते ते परक्यास दिसत नाही; अनोळखी माणसाचा खासगी संदेश मुलापर्यंत पोहोचत नाही; रात्री १० पासून सकाळी ७ पर्यंत सूचनांचा घंटानाद बंद राहतो; आणि १६ वर्षांखालील मुलास हे निर्बंध सैल करावयाचे तर पालकांची परवानगी लागते. परंतु बारा वर्षांच्या मुलाने आपण वीस वर्षांचे आहोत असे लिहिले की कंपनी त्यास वीस वर्षांचा समजते, आणि ह्यांतील एकही संरक्षण त्यास मिळत नाही. काट्यावर खोटे वजन ठेवल्यास नुकसान गिऱ्हाइकाचे होते. येथे खोटे वजन ठेवणाऱ्या मुलाचेच नुकसान होते.

आपल्या आचार्यांनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना 'हीनाधिक मानोन्मान', म्हणजे खोटी मापे, आणि 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल खपविणे, हे दोन्ही सांगितले आहेत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत 'रहोभ्याख्यान', म्हणजे दुसऱ्याची एकांतातील गोष्ट उघड करणे, हाही आहे. खोटे वय, खोट्या नावाचे खाते आणि मैत्रिणीने विश्वासाने पाठविलेला संदेश दहा जणांस पुढे धाडणे, ह्या तिन्ही गोष्टी मुलांस ह्या जुन्या शब्दांनी समजावून सांगता येतात. पाठशाळेत जाणाऱ्या मुलास त्या चटकन समजतात.

धोका कोठून येतो

पहिला धोका परक्याकडून येतो. त्याची रीत ठरलेली असते. समवयस्क मुलगा किंवा मुलगी असल्याचे भासवून, कोणाचा तरी सुंदर फोटो लावून, एखादा भामटा ओळख करून घेतो. काही दिवस खेळाच्या, अभ्यासाच्या, गाण्यांच्या गप्पा मारतो. नंतर 'येथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू' असे सांगतो. पुढे फोटो मागतो, आणि तो मिळाला की तो शाळेत व नातेवाइकांत पसरविण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो उकळतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आता तर साध्या फोटोवरूनही खोटे अश्लील चित्र बनविता येते. म्हणून 'आमच्या मुलीने तसा फोटो कधी पाठविलाच नाही' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

दुसरा धोका ओळखीच्यांकडून येतो. मे २०२० मध्ये दिल्लीतील शाळकरी मुलांचा 'बॉइज लॉकर रूम' नावाचा इन्स्टाग्रामवरील गट उघडकीस आला. त्यात मुले आपल्याच ओळखीच्या मुलींचे फोटो परस्पर वाटून त्यांवर अभद्र बोलत होती. ह्या प्रकरणात समाजात फिरलेले अत्याचाराच्या बेताचे एक संभाषण त्या गटातील नव्हतेच. एका अल्पवयीन मुलीने मुलाच्या नावाने खोटे खाते काढून ते केले होते, असे पोलीस तपासात निष्पन्न झाले. ह्या एका प्रकरणात आपणांस दोन धडे आहेत. चांगल्या शाळेतील, चांगल्या घरातील मुलेही गटात शिरल्यावर वाहवतात, हा पहिला. आणि पडद्यावर दिसलेली प्रत्येक गोष्ट खरी मानून कोणावर तुटून पडू नये, हा दुसरा. आपला मुलगा फसविला जाईल ह्याची चिंता आपण सारेच करतो. आपला मुलगा दुसऱ्याच्या मुलीस त्रास देणाऱ्यांत बसलेला नसेल ना, ही चिंताही तितकीच केली पाहिजे.

तिसरा धोका खास आपल्या व्यापारी घरांचा आहे. आपल्या मोबाइलवर बाजारभाव येतात, ट्रकचे नंबर येतात, पावत्या येतात, आणि बँकेचे सांकेतिक आकडेही येतात. तोच मोबाइल जेवताना मुलाच्या हाती दिला जातो. खेळातील एखादी वस्तू विकत घेण्यासाठी, किंवा 'बक्षीस लागले आहे, आलेला आकडा सांग' अशा एका संदेशास भुलून, मूल पेढीचे खाते क्षणात मोकळे करू शकते. तसेच लग्नकार्यातील दागिने, नवी गाडी, घराचा दरवाजा, आणि 'आम्ही सारे आठ दिवस यात्रेस निघालो' ही वार्ता मुले हौसेने जगासमोर मांडतात. तिजोरीची किल्ली आपण कमरेस लावतो, आणि तिजोरीचा पत्ता मात्र मुलांच्या हातून गावभर वाटला जातो.

झाकलेली मूठ येथे महाग पडते

ह्या सर्व धोक्यांत एक गोष्ट समान आहे, आणि माझ्या मते सर्व विषयाचे मर्म तेथेच आहे. मूल संकटात सापडते ते परक्याच्या चतुराईमुळे. परंतु बुडते ते घरात न सांगितल्यामुळे.

मूल का सांगत नाही? वडील रागावतील, मोबाइल कायमचा काढून घेतील, शाळा बदलतील, 'घराण्याचे नाव घालविलेस' असे ऐकावे लागेल, ह्या भीतीने. धमकी देणाऱ्याचे सारे भांडवल हेच असते. 'घरी सांगू नकोस' हे त्याचे पहिले वाक्य असते. मुलाने घरी सांगितले की त्याचे भांडवल संपते.

हे केवळ मुलांपुरते खरे नाही. २०२५ साली आपल्याच ग्वाल्हेरातील रामकृष्ण मिशन आश्रमाच्या सचिवपदी असलेल्या स्वामींस भामट्यांनी पोलीस असल्याची बतावणी करून 'डिजिटल अटके'ची भीती घातली. हा प्रकार सुमारे २६ दिवस चालला आणि सुमारे अडीच कोटी रुपये गेले. अनुभवी, विद्वान व विरक्त माणसासही भीतीने घेरून इतके दिवस एकटे पाडता येते, तर तेरा वर्षांच्या मुलाची काय कथा! तेव्हा अशा मुलास 'तू मूर्ख आहेस' असे म्हणण्यापूर्वी आपण हे उदाहरण आठवावे.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण बाजारात पत राखण्यापुरती ठीक आहे. घरात मात्र झाकलेल्या मुठीसारखी महाग वस्तू नाही. पेढीवरचा अनुभव आठवा. गुमास्त्याच्या हातून उधारीत तोटा आला आणि त्याने तो त्याच संध्याकाळी सांगितला, तर मालक वसुलीचा मार्ग काढतो. त्याने तो भयाने दडवला, एका तोट्यावर पांघरूण घालण्यास दुसरा केला, तर सहा महिन्यांनी पेढीच हादरते. म्हणून जाणता मालक तोटा सांगणाऱ्यावर तुटून पडत नाही. कारण एकावर तुटून पडले की पुढे दहा जण सांगावयाचे थांबतात. मुलास मोबाइल देताना पहिल्याच दिवशी त्यास स्पष्ट शब्दांत सांगावे: 'काहीही घडले, चूक तुझी असली तरी, आम्हांस सांग. सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही आणि मोबाइलही जाणार नाही.' आणि प्रसंग आला म्हणजे हा शब्द पाळावा. बाजारात शब्द पाळणाऱ्याची जी पत असते, तीच घरात बापाची असते.

वडगावचा भोंगा

आता एका गावाचे उदाहरण सांगतो. सांगली जिल्ह्यात, जेथे आपले धर्मबंधू मोठ्या संख्येने शेती व व्यापार करतात, तेथे कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. कोरोनानंतर शाळा सुरू झाल्या तरी मुले संध्याकाळी मोबाइलमध्ये आणि घरातील मोठी माणसे दूरदर्शनच्या मालिकांत गुंतलेली असत. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, सरपंच विजय मोहिते ह्यांच्या पुढाकाराने गावातील स्त्रियांची सभा भरली आणि एक ठराव झाला. रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजावा, आणि ८॥ वाजता तो पुन्हा वाजेपर्यंत प्रत्येक घरातील मोबाइल व दूरदर्शन बंद राहावेत. ह्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे.

आरंभी पुरुषमंडळी हसली. ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक ह्यांना घरोघर फिरून सांगावे लागले. हळूहळू गावास सवय लागली, आणि ही वार्ता देशाबाहेरील वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावाच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरूच नये असा ठराव केला. दोन्ही गावांचा हेतू एकच. तथापि मला वडगावची रीत अधिक पसंत आहे, आणि तिची कारणे तीन आहेत. पहिले, तेथे बंधन मुलांवर एकट्यांवर नाही. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांवर आहे. दुसरे, ते बंधन मोजके आहे. दीड तासाचे व्रत कोणासही पाळता येते. तिसरे, ते सर्व गावाने मिळून घेतले आहे. एकाच घरात मोबाइल बंद झाला तर ते मूल मित्रांत एकटे पडते. पन्नास घरांत एकाच वेळी बंद झाला तर कोणीच एकटे पडत नाही. आपल्या बाजारात दुकाने उघडण्याची व बंद करण्याची वेळ सर्वांनी मिळून ठरविली तरच पाळली जाते, हे आपणांस ठाऊक आहेच.

घरात काय करावे

नव्या मुलास आपण पेढीवर कसे तयार करतो? प्रथम तो मुनिमाजवळ बसून पाहतो. मग देखरेखीखाली लहान सौदे करतो. पत सिद्ध झाल्यावर त्यास स्वतंत्र व्यवहार मिळतो. मोबाइलचेही असेच असावे.

सहावीपर्यंत मुलास स्वतःचे समाजमाध्यमांचे खाते नसावे; पाहावयाचे ते घरातील मोठ्या माणसाजवळ बसून, बैठकीच्या खोलीत पाहावे. तेरा वर्षे पूर्ण झाल्यावर खाते उघडावयाचे असेल तर जन्मसाल खरे लिहून, आईवडिलांच्या समक्ष उघडावे. खाते 'खासगी' ठेवावे. व्हॉट्सॲपमध्ये कोणीही परका मुलास गटात ओढू नये म्हणून 'फक्त माझे संपर्क' ही निवड करावी. स्नॅपचॅटच्या नकाशावर आपले ठिकाण दिसू नये अशी सोय असते, ती चालू ठेवावी. ओळखीचा म्हणजे ज्यास प्रत्यक्ष पाहिले आहे तो, एवढी सोपी व्याख्या मुलास शिकवावी. ज्या मोबाइलवर बँकेचे व्यवहार होतात तो मुलांच्या हाती देऊ नये. आणि रात्री ठरलेल्या वेळेनंतर घरातील सर्व मोबाइल, आपलेही, एका ठिकाणी चार्जिंगला लावून ठेवावेत. ते निजण्याच्या खोलीत जाऊ नयेत. पुष्कळसे अनर्थ रात्री दारे लावल्यावर घडतात.

मुलाचा मोबाइल चोरून तपासावा काय, हा प्रश्न अनेक पालक विचारतात. मुनिमाची वही मालक त्याच्यासमोर उघडतो, रात्री त्याचे खिसे चाचपीत नाही. ह्या वयाच्या मुलास आरंभीच सांगावे की तुझा मोबाइल मधूनमधून आपण दोघे मिळून पाहू. सांगून केलेली तपासणी शिस्त ठरते. चोरून केलेली तपासणी उघडकीस आली की मूल दुसरे गुप्त खाते काढते, आणि मग आपणांस काहीच दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचा तो रोजमेळ. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुलाजवळ बसावे. 'आज काय चुकलास?' असे विचारू नये. 'आज कोण नवे भेटले? कशाचे हसू आले? कशाने वाईट वाटले किंवा भीती वाटली?' एवढे तीन प्रश्न पुरेत. आपणही आपल्या दिवसाची जमाबाजू आणि नावेबाजू त्यास सांगावी: आज असा एक खोटा संदेश आला, मी तो असा ओळखला. आपल्या धर्मात प्रतिक्रमणाची जी रीत आहे तिच्यात दिवसाचे दोष पाहावयाचे असतात, ते शुद्धीसाठी; शिक्षेसाठी नव्हे. हा रोजमेळ त्याच भावनेने व्हावा. व्यापाऱ्यास दुकानातून घरी येण्यास उशीर होतो हे खरे. तेव्हा आई, आजी, काका ह्यांपैकी जो घरी असेल त्याने तो मिळवावा. परंतु आठवड्यातून एक-दोन दिवस तरी वडिलांनी स्वतः बसावे. मुले आईस पुष्कळ सांगतात, आणि 'बाबांस सांगू नकोस' असेही सांगतात. हे अंतर कमी झाले पाहिजे.

प्रसंग आलाच तर

इतके करूनही प्रसंग येऊ शकतो. तेव्हा पुढील क्रम लक्षात ठेवावा.

१. मुलास जवळ घ्यावे आणि 'सांगितलेस हे चांगले केलेस' असे म्हणावे. पहिल्या घटकेत उच्चारलेले हे शब्द पुढील सर्व उपायांहून मोठे आहेत.

२. धमकी देणाऱ्यास पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी संपत नाही, वाढते.

३. संदेश पुसून टाकू नयेत. खात्याचे नाव, फोन नंबर, तारीख, वेळ व धमकीचा मजकूर जपून ठेवावा, आणि मग ते खाते अडवून कंपनीकडे तक्रार करावी. मात्र मुलाचे अश्लील चित्र सल्ल्यासाठीही कोणास पुढे पाठवू नये. मुलांची अशी चित्रे पाठविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे.

४. पैसे गेले असल्यास तत्काळ १९३० ह्या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर स्त्रिया व मुले ह्यांच्यासंबंधीची तक्रार नाव न देताही नोंदविता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. तो मुलांस पाठ असावा.

५. चित्र पसरण्याचे भय असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे. अमेरिकेतील एका बालसंरक्षण संस्थेने ती २०२३ मध्ये सुरू केली. चित्र स्वतः कोठेही न पाठविता त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते चित्र ओळखून काढून टाकू शकतात.

६. पोलिसांत जाण्यास आपण नाव जाईल म्हणून कचरतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पीडित मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा कुटुंब ह्यांची ओळख वृत्तपत्रांत व इतर माध्यमांत उघड करण्यास मनाई केली आहे. कायदा मुलाचे नाव झाकतो. आपण गुन्हेगाराचे नाव झाकू नये.

कायदा व आपले कर्तव्य

जगातील सरकारेही आता जागी झाली आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी लागू केली. दंड मुलांस अथवा पालकांस नसून कंपन्यांस आहे. आपल्या देशातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु वजनमापाचा कायदा असला तरी खरी खात्री काट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नीतीचीच असते. कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आत आईबापच असतात.

म्हणून आपल्या संघापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, वडगावच्या धर्तीवर आपल्या सभासद कुटुंबांनी रोज एक तास निश्चित करावा, ज्यात घरातील लहानथोर सर्वांचे मोबाइल बंद राहतील. दाल बाजार, लोहिया बाजार, सराफा व मुरार येथील आपल्या दुकानांच्या वेळा निरनिराळ्या आहेत, हे ध्यानात घेऊन रात्री ९ ते १० हा तास सोयीचा वाटतो. त्या तासात एकमेकांस भावाचे व मालाचे संदेश न पाठविण्याचे व्यापाऱ्यांनी आपापसात ठरवावे. एका तासात बाजार बुडत नाही. आरंभ पर्युषणाच्या दिवसांत करावा. त्या दिवसांत लहान मुलेही उपवास-एकासनाचा आग्रह धरतात, तेव्हा हा छोटासा त्याग ती आनंदाने करतील. दुसरी सूचना अशी की वर्षातून एकदा सहावी ते आठवीतील मुले व त्यांचे पालक ह्यांस एकत्र बसवून एखाद्या जाणकार शिक्षकाकडून किंवा सायबर पोलीस अधिकाऱ्याकडून दोन तासांचा वर्ग घ्यावा, आणि वर नमूद केलेल्या सोयी प्रत्येकाच्या मोबाइलवर तेथेच करून द्याव्यात.

आपले वाडवडील मुलांस हिशोब शिकवीत, कारण पुढे पेढी त्यांच्या हाती जावयाची असे. पेढीचा तोटा एका चांगल्या हंगामात भरून निघतो. मुलाच्या मनावर बसलेली भीती मात्र सहजी भरून निघत नाही, आणि काही घरांत तर ती भरून काढण्यास मूलच उरले नाही, अशा बातम्या आपण वाचतो. तेव्हा आज रात्रीच, ही स्मरणिका बाजूस ठेवून, आपल्या मुलाजवळ दहा मिनिटे बसावे आणि त्यास एवढेच सांगावे की ह्या घरात तोटा सांगणाऱ्यास कोणी रागावत नाही.

जय जिनेंद्र.